तीन नंबरची लाइन

आधीच सांगून ठेवते, मी अमावस्येला गाडीची डिलिव्हरी घेतलेली बाई आहे. शोरूमवाला दोनदा म्हणाला, मॅडम, परवा न्या... मी म्हटलं, परवा मला सुट्टी नाही. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते, मनातल्या मनात हसते आणि कामाला लागते. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसलेय याचं माझं मलाच नवल वाटतंय. नावं बदलली आहेत, कंपनीचं नाव देणार नाही. बाकी जसं घडलं तसं.

आम्ही पिंपळे गुरवला राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. मूळचे मावळातले, पण सगळं आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्यात गेलं, पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या दोनेक वर्षांपासून विसरायला लागलेत. कधी मला नावाने हाक मारतात, कधी विचारतात, "तू कुणाची गं?"

मी जावा डेव्हलपर आहे. कुरुळीजवळ गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारा एक प्लँट आहे, त्यांचं प्रॉडक्शनचं सॉफ्टवेअर आमची टीम बघायची. साधं सांगायचं तर, प्रत्येक पार्टचा बारकोड स्कॅन होतो, आमचा सर्व्हर 'ओके' म्हणतो, मगच मशीन पुढचा पार्ट घेतं. सर्व्हर गप्प बसला की लाइन, म्हणजे मशीनची अख्खी रांग, उभी.

आणि सर्व्हर गप्प बसायला लागला होता. दसऱ्याआधी ऑर्डर वाढल्या, तिसरी लाइन सुरू झाली. दुपारी शिफ्ट बदलताना जाणाऱ्यांचे रिपोर्ट, येणाऱ्यांचं लॉगिन, वर स्कॅनिंग चालूच... की झाला हँग. एरर नाही, क्रॅश नाही, सीपीयू निवांत. नुसतं उत्तर देणं बंद. रीस्टार्ट केला की पुन्हा सुरळीत. तिथले शिफ्ट सुपरवायझर शेळके भाऊ फोन करायचे, "मॅडम, झोपला बघा तुमचा सर्व्हर!" ते हसून म्हणायचे, पण त्यांनाही वरून शिव्या बसत होत्या. माझा मॅनेजर तर सरळ म्हणाला, या महिन्यात सुटलं नाही तर प्रोजेक्ट गेला म्हणून समज.

त्या मंगळवारी मी घरून काम करत होते. दुपारचे साडेतीन वाजत आलेले. समोर सर्व्हरची तब्येत दाखवणारा डॅशबोर्ड, सगळं हिरवंगार. अण्णा हॉलमध्ये दिवाणावर पडले होते. ते उठून बसले आणि म्हणाले, "बंद पडली."

"काय बंद पडलं, अण्णा?"

"लाइन. लाइन बंद पडली की."

मी पंख्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. म्हटलं असेल काहीतरी जुनं. दोन-तीन मिनिटांनी डॅशबोर्ड लाल झाला आणि शेळके भाऊंचा फोन आला.

योगायोग. मी घरात फोनवर दिवसभर हेच बोलत असते, त्यांच्या कानावर पडलं असणार. सासूबाईंना गंमत म्हणून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, हे महिनाभर चाललंय. मधेच उठतात, लाइन बंद पडली म्हणतात, मग घाबरेघुबरे होतात. डॉक्टर म्हणाले, कधी होतं ते लिहून ठेवा." स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनी पेन्सिलीने वेळा लिहिल्या होत्या.

मी लॅपटॉप ओट्यावर आणला आणि माझी रीस्टार्टची यादी काढली. सात वेळा हँग झाला होता. सातही वेळा कॅलेंडरवर होत्या... आणि प्रत्येक वेळी अण्णा दोन-तीन मिनिटं आधी. त्यातल्या पाच दिवशी मी ऑफिसात होते. घरात कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता.

कॅलेंडरवर एक वेळ जास्त होती. रविवारची. मला हायसं वाटलं, कारण रविवारी प्लँट बंद असतो. चला, म्हणजे नुसता योगायोग. तरी दुसऱ्या दिवशी शेळके भाऊंना सहज विचारलं.

"हो हो, रविवारी ओव्हरटाइम होता. तेव्हाबी हँग झाला होता. इथल्या पोरांनीच रीस्टार्ट मारला, म्हटलं सुट्टीच्या दिवशी मॅडमना कशाला त्रास."

माझा चहा तसाच राहिला.

मग मी जे येतं तेच केलं. कामाला लागले. पुढच्या हँगच्या वेळी रीस्टार्ट करण्याआधी थ्रेड डंप घेतला. म्हणजे त्या क्षणी सर्व्हरच्या आत कोण काय करतंय याचा फोटोच समजा. दोनशेच्या दोनशे थ्रेड, म्हणजे सर्व्हरचे काम करणारे हात, एकाच जागी अडकून उभे होते. तीन नंबर लाइनवरचा लेबल प्रिंटर गर्दीत उत्तर देत नव्हता आणि आमचा कोड त्याची वाट बघत बसायचा. किती वेळ? कायमची. कुणीतरी टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मर्यादा, द्यायला विसरलं होतं. मी पाच सेकंदांचा टाइमआउट टाकला, मुद्दाम गर्दीएवढा लोड देऊन तपासलं, पुढच्या आठवड्यात बुधवारी प्लँटच्या चालू सर्व्हरवर चढवलं.

गुरुवारी हँग नाही. शुक्रवारी नाही. आणि अण्णाही शांत. दुपारभर झोपायचे, उठून चहा मागायचे. मॅनेजरने ग्रुपवर कौतुक केलं. मी सगळं डोक्यातून काढून टाकलं.

पुढच्या सोमवारी मी घरी होते. तीन वाजून वीस मिनिटं. सर्व्हर अगदी ठणठणीत. मागे आवाज आला म्हणून वळले, तर अण्णा माझ्या खोलीच्या दारात उभे. आधाराशिवाय ते कित्येक महिन्यांत चालले नव्हते. दोन्ही हातांनी चौकट धरलेली.

"बंद कर."

"काय, अण्णा?"

"लाइन बंद कर. मानूस आत हाय."

मी स्क्रीन बघितली. सगळं हिरवं. "अण्णा, चालू आहे सगळं, तुम्ही बसा बरं..."

"तीन नंबरला! आत हाय त्यो! बंद कर म्हनतोय न्हवं!"

असा आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता. मी शेळके भाऊंना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. अण्णांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या हातांवर होती.

मी सर्व्हर बंद केला. चालू शिफ्टमध्ये, कुणाला न विचारता, चांगला चाललेला सर्व्हर. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले आणि पाणी मागितलं.

मिनिटभरात शेळके भाऊंचा फोन. "मॅडम, परत हँग?"

"भाऊ, तीन नंबरच्या आत कुणी आहे का बघा."

"आत? लाइन चालू होती की. आत कोण जाईल?"

"बघा ना, प्लीज."

पावलांचा आवाज आला, मग कुणावर तरी ओरडल्याचा. बऱ्याच वेळाने ते फोनवर आले. आवाज पार बदललेला. "मेंटेनन्सचा एक फिटर होता. पन्नाशीचा जुना माणूस. पत्र्याचा तुकडा अडकला म्हणून मागच्या दाराने आत शिरला. दार उघडलं की मशीन थांबायला पाहिजे... पण कुणीतरी दाराचा स्विच तारेने बांधून ठेवला होता." मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

"कॅमेऱ्यात दिसलं," मी म्हटलं. तिथे कॅमेरा नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

तो फिटर नंतर म्हणत होता म्हणे की, मी बाहेरच निघालो होतो, काही झालं नसतं. असेलही.

संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत अण्णांच्या लाइनवर एक माणूस गेला होता. आत होता, कुणाला ठाऊक नव्हतं. मशीन चालू करायच्या बटणावर हात अण्णांचा होता. "घरी येऊन एवढंच म्हणाले, मला कुणी सांगितलं न्हाई गं. त्यानंतर त्यावर एक शब्द नाही." माझ्या नवऱ्यालाही हे त्या दिवशीच कळलं.

रिपोर्टमध्ये मी 'सर्व्हर हँग' लिहिलं. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, हँगचं नाव नव्हतं, त्यामुळे मॅनेजरने जे विचारायचं ते विचारलं. सर्व्हर मीच बंद केला, चूक झाली, असं मी कबूल केलं. प्रोजेक्ट दुसऱ्या टीमकडे गेला, माझं लॉगिन काढून घेतलं. वाईट वाटलं, पण खरं सांगू, सुटल्यासारखंही वाटलं.

इथपर्यंतच असतं तर कदाचित मी हे लिहिलंच नसतं.

गेल्या आठवड्यात दुपारी अण्णा पुन्हा उठले. "बंद कर. मानूस आत हाय."

माझ्या हातात काहीच नव्हतं. मी शेळके भाऊंना फोन केला. या वेळी त्यांनी उचलला. मी "भाऊ..." एवढंच म्हटलं असेन. ते म्हणाले, "ठेवा." नंतर कळलं की त्यांनी धावत जाऊन तिन्ही लाइनची लाल बटणं दाबली. आत वाकून वाकून बघितलं. कुणी नव्हतं. त्यांना त्याबद्दल मेमो मिळाला.

"अण्णा, बघितलं हो. आत कुणी नाही. लाइन बंद आहे," मी त्यांचे हात धरून सांगत होते.

"हाय. बंद कर. पोरी, बंद कर की गं..."

दहा मिनिटं ते म्हणत राहिले. मग अचानक गप्प झाले, आणि चेहऱ्यावर हात ठेवून रडले.

भोसरीपासून चाकणपर्यंत तसल्या किती लाइन असतील, मोजवणार नाहीत. अण्णा कुठल्या लाइनबद्दल सांगत होते, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पेपर उघडला नाही. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर सांगा... पण त्या दुपारी कुठे काय झालं हे कुणाला ठाऊक असेल, तर ते मात्र सांगू नका.