जाहिरातींमधल्या पुऱ्या

इंग्लंडात वर्षानुवर्षं राहिलं की माणूस थंड होतो, असं ज्यांनी कुणी म्हटलं असेल त्यांनी माझ्या बायकोच्या मामांना नाताळच्या दुपारी टीव्हीसमोर पाहिलेलं नसणार. एरवी मामा म्हणजे देवमाणूस. ट्रेन रद्द झाली तर प्लॅटफॉर्मवर उभे राहून पुढच्या ट्रेनची वाट बघतील, शेजाऱ्यांच्या मांजरानं वाफ्यातली कोथिंबीर उकरली तर मांजराची समजूत काढतील, कौन्सिलची कचऱ्याची गाडी आली नाही तर "सुट्टी असेल बिचाऱ्यांची" म्हणतील. पण डिसेंबरात नाताळच्या टीव्ही-कार्यक्रमांचा तो जाडजूड अंक दुकानात आला, की लंडनच्या पिनर भागातल्या त्यांच्या घराचं वातावरण तापायला लागायचं. या देशात लोक जे बघायचं असेल त्याभोवती पेनानं गोल काढतात. मामा जे दाखवायला नको होतं त्यावर लाल फुल्या मारायचे, आणि नाताळचं पान ढ मुलाच्या गणिताच्या पेपरासारखं दिसायला लागायचं.

"जावईबापू, हे बघा," ते मला म्हणायचे. मी तेव्हा नुकताच पुण्याहून व्हिसावर येऊन मेडनहेडला नोकरीला लागलो होतो आणि नाताळला हक्कानं जाण्यासारखं हे एकच घर होतं. "वर्षभर हे लोक झोपा काढतात आणि नाताळला दोन चांगले सिनेमे एकाच वेळी समोरासमोर लावतात. लग्नात आपण दोन पंगती एकावर एक बसवतो का? पहिली उठू दे, पानं उचलू दे, मग दुसरी बसव की मेल्या!" पहिल्या वर्षी मला वाटलं, टीव्हीवरून एवढं काय चिडायचं? दुसऱ्या वर्षी मीही चिडायला लागलो. शिळे विनोद, गेल्या वर्षीचा बर्फ, त्याच्याही मागच्या वर्षीचे पाहुणे, आणि वर तोंड करून त्याला 'नाताळ विशेष' म्हणायचं! सणाला पाहुण्याच्या पानात कालची भाजी वाढणाऱ्या या लोकांना घरी कुणी बोलत कसं नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

मामांच्या रागाला व्यावहारिक कारणही होतं. नाताळला त्यांच्याकडे बासुंदी-पुरी असायची, सोबत मोहरी-मिरचीची फोडणी देऊन खोबरं पेरलेली स्प्राउट्सची, म्हणजे इथल्या लिंबाएवढ्या कोबीच्या गड्ड्यांची, भाजी. सगळ्यांनी टीव्हीसमोर एकत्र बसून जेवायचं आणि कुणाचंही काहीही बघायचं चुकता कामा नये, मामींचंसुद्धा, असा दंडक. म्हणून पुऱ्या तळल्या जायच्या फक्त जाहिरातींमध्ये. मामा "जाहिराती!" अशी आरोळी ठोकायचे, की मामी कढईकडे धावायच्या, सून लाटायला बसायची आणि मी ताटं घेऊन दारात उभा राहायचो. जाहिराती संपल्या की गॅस बंद, सगळे परत सोफ्यावर. त्यामुळे ज्या चॅनेलवर जाहिराती नसतात त्याच्यावर मामांचा विशेष दात होता. "दोन तास सलग!" ते कडाडायचे. "बाईमाणसानं पुरी तळायची कधी? यांच्या घरात कुणी जेवत नाही का?" मामी म्हणायच्या, "अहो, मी आधी तळून ठेवते ना." त्यावर मामा असे बघायचे, की गार पुरी हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी काढायचं नाही.

त्यातच संध्याकाळच्या मालिका. या देशातल्या मालिकांमध्ये नाताळला कुणीतरी मरावंच लागतं. कुणी गाडीखाली येतं, कुणाचं घर पेटतं, कुणाला सख्खा नवरा ढकलून देतो. एका वर्षी मामांच्या हातात बासुंदीची वाटी असताना पडद्यावर एक तरुण बाई गेली. मामांनी वाटी खाली ठेवली. "सणाच्या दिवशी घरात मयत! आता ही बासुंदी गोड कशी लागणार?" मामी म्हणाल्या, "अहो, नटी आहे ती. उद्या दुसऱ्या चॅनेलवर केक करताना दिसेल." पण मामांनी त्या दिवशी बासुंदीला पुन्हा हात लावला नाही. संपूर्ण दिवसात त्यांच्या तावडीतून सुटायचं ते फक्त राणीचं नाताळच्या दुपारचं भाषण. "हिला वेळेचं भान आहे. तीन म्हणजे तीन. आणि गेल्या वर्षीचं भाषण परत लावत नाही," असं म्हणून ते खुर्चीत सरसावून बसायचे.

एकदा तर त्यांनी ऐन नाताळच्या दुपारी एका चॅनेलच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. एक तरुण मुलगी बोलत होती. मामांनी पंगतींपासून सुरुवात केली आणि मध्येच थांबून विचारलं, "बट व्हाय आर यू इन द ऑफिस टुडे? हॅव यू ईटन?" तिनं सँडविच खाल्लं होतं. झालं, मामांचा पारा चढला तो तिच्या साहेबावर. सणाच्या दिवशी लेकराला सँडविचवर बसवून हे लोक स्वतः कुठं उलथलेत, यावर ते बराच वेळ बोलले आणि तिला घरी जायची परवानगी देऊन टाकली. मूळ तक्रार राहूनच गेली.

मग त्यांच्या मुलानं, संजूनं, त्यांना रेकॉर्डर आणून दिला. संजू इथंच जन्मलेला, मिल्टन कीन्सला आयटीत, मनानं अगदी सरळ. नाताळच्या सकाळी वेष्टन काढून त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "बाबा, आता भांडण फिनिश. हा मशीन सगळं रेकॉर्ड करते. दोन प्रोग्राम एकदम. तुम्हाला पाहिजे तेव्हा बघायचा, व्हेनेव्हर यू लाइक."

आम्हाला वाटलं, मामा खूश होतील. मामांचा चेहरा लाल झाला. "मला पाहिजे तेव्हा? अरे, मला पाहिजे तेव्हा तू कुठं असतोस?"

मामा उठून स्वयंपाकघरात गेले आणि जाहिराती नसतानाही पुऱ्या लाटायला लागले. मी मागोमाग गेलो. माझ्याकडे न बघता, लाटणं आपटत ते बोलत राहिले. "इथं आलो त्या पहिल्या वर्षी भाड्याच्या खोलीत राहत होतो. नाताळचा दिवस. बस नाही, ट्रेन नाही, दुकान उघडं नाही, बोलायला माणूस नाही. दुपारी घरमालकीण वर आली. 'कम डाउन, कार्यक्रम सुरू होतोय,' म्हणाली. तोवर तिनं मला जिन्यावर गुड मॉर्निंगसुद्धा घातलं नव्हतं. खाली ती आणि तिचा बहिरा भाऊ. मला एक विनोद कळला नाही, जावईबापू. ती हसली की मी हसायचो, आणि मी हसलो की तो बहिरा हसायचा. खिडकीतून समोर बघितलं तर प्रत्येक घरात तेच चाललेलं. अख्खा देश एक गोष्ट बघत होता आणि त्यात मीही होतो." त्यांनी पोळपाटावर पुरी उलटली. "तिच्याकडे हे मशीन असतं, तर तिनं मला कशाला बोलावलं असतं?"

मला तेव्हा मामांना मिठी मारावीशी वाटली. पण त्यांचे हात पिठाचे होते आणि आमच्याकडे तशी पद्धतही नाही, म्हणून मी नुसती ताटं पुसत उभा राहिलो.

पुढं मामींचे गुडघे गेले. संजूनं पिनरचं घर विकायला लावून दोघांना मिल्टन कीन्सला आपल्याकडे नेलं. मोठं घर, प्रत्येक खोलीत टीव्ही, मामांना खाली स्वतंत्र खोली आणि त्यात सगळ्यात मोठा टीव्ही. त्यानं काहीही कमी केलं नाही. त्या नाताळला माझ्या मुलीला कांजिण्या आल्या आणि आम्हाला मेडनहेडहून हलता येईना, म्हणून दुपारी मी मामांना फोन केला.

"काय लावलंय, मामा?"

"चाललंय काहीतरी."

"कसं आहे?"

"चांगलं आहे. सगळंच चांगलं असतं हल्ली."

मी हादरलो. बाकी सगळे कुठं आहेत असं विचारलं, तर म्हणाले, आपापल्या खोलीत आहेत, आपापलं बघतायत, जेवणं मघाशीच झाली. पुऱ्या मामींनी सकाळीच तळून ठेवल्या होत्या. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की माझं डोकंच फिरलं. संजूवर, त्या घरावर, त्या मशीनवर, सणाच्या दिवशी माणसांना खोल्याखोल्यांत पांगवणाऱ्या सगळ्या जगावर मी चिडलो. हा माणूस चांगलं आहे म्हणतो?

"मामा," मी म्हणालो, "चॅनेल बदला. मी बघतोय तेच लावा. तो बर्फातला कार्यक्रम परत लागलाय. गेल्या वर्षीचाच. आणि मघाशी दाखवला तो सिनेमा शेजारच्या चॅनेलवर याच वेळी पुन्हा लावलाय."

पलीकडे रिमोटची बटणं दाबल्याचा आवाज आला. मग दम लागल्यासारखं, "हा... हा आत्ता जिन्यावरून पडणार."

"पडणारच."

पडद्यावरचा तो पडला.

"अरे, लाज आहे का या लोकांना!" मामा गरजले. "परत तेच! अगं ए, इकडे ये! संजू, खाली ये आधी, बघ काय लावलंय मेल्यांनी!" फोन खाली आपटल्याचा आवाज झाला. तो बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मला मामींच्या काठीचा आवाज ऐकू आला, मग जिन्यावरून धडधडत उतरणारे पाय, "व्हॉट्स आजोबा शाउटिंग अबाउट?" असं नातीचं विचारणं, संजूचं हसणं. मग मामांची जुनी आरोळी आली, "जाहिराती!" आणि कुणीतरी खरोखरच स्वयंपाकघराकडे धावलं.

मी बराच वेळ फोन कानाला लावून बसलो होतो. आमच्या सोफ्यावर मी एकटाच होतो. बायको वरच्या खोलीत लॅपटॉपवर काहीतरी बघत होती, आणि कांजिण्यांनी खाजून बेजार झालेली मुलगी तिच्या खोलीत दुसरंच काही बघत होती.

मी उठलो, जिन्याखाली गेलो आणि मला जमेल तेवढ्या रागानं ओरडलो, "अगं ए, खाली या दोघी! बघा काय भिकार लावलंय!"