आत्याची मूठ

काल दुकानात क्रीमच्या एका इवल्याशा डबीवर ‘कोकम बटर’ असं वाचलं आणि आत्याचं मुठेल आठवून मी जागीच थबकले.

आत्या कोकणात राहायची. आमसुलं करून उरलेल्या कोकमाच्या बिया ती वाळवायची, कुटायची, पाण्यात उकळायची. वर आलेलं तेल थिजू लागलं की मुठीत दाबून त्याचा गोळा करायची, तेच मुठेल. त्यावर तिच्या चार बोटांचे खळगे उमटायचे. माझ्या भेगाळलेल्या टाचांसाठी दर मे महिन्यात एक गोळा यायचा आणि मी तो दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला लावायचे.

“भेगा भरल्या का गो?” ती फोनवर विचारायची.

“हो आत्या, टाचा अगदी मऊ झाल्यात.”

त्या आनंदात ती पुढच्या वर्षी दोन गोळे पाठवायची. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली, तसे गोळ्यांवरचे खळगेही वाकडे होत गेले. ते दिसत असूनही मी “आता पुरे” म्हटलं नाही. डबीत आलं की औषध आणि आत्याने दिलं की वंगण, हे मी कधी ठरवलं कोण जाणे.

आता आत्या नाही. तिचा शेवटचा गोळा काल कपाटातून काढला, खळग्यांत बोटं ठेवून पाहिली. टाचांना लावला तर तिची मूठच पुसली जाणार. गोळा परत ठेवला आणि पिशवीतली विकतची डबी उघडली.

तेवढ्यात वाऱ्याने दार लोटलं गेलं. जराही कुरकुरलं नाही.