खुंट्यांची आंघोळ

मी जन्माचा उतावळा. चहा निवायची वाट पाहवत नाही म्हणून आजवर किती वेळा जीभ भाजली, सांगता येणार नाही. अशा माणसाला अकोल्याच्या कापड मिलमध्ये फिटर म्हणून चिकटल्यावर कोणतं काम मिळावं? दर शनिवारी एका म्हाताऱ्यासमोर वही घेऊन बसायचं आणि तो बोलेल ते लिहायचं. तो बोलायचा, "खुंटी. खुंटी. भोक. खुंटी. भोक. भोक." दुपारपर्यंत हेच! माझा जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

आमच्याकडे लुगड्याच्या काठाचे सहा माग होते. काठावर पानांची वेल यायची, आणि त्या वेलीसाठी बायका दुकानात दुसऱ्या लुगड्याला हात लावत नसत. प्रत्येक मागाच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरे आणि पट्टीपट्टीला ओळीने भोकं असत. भोकात खुंटी असली की ठराविक धागे वर उचलले जात, नसली की खाली राहत. म्हणजे सगळी वेल त्या खुंट्यांत होती. एखादी मोडली, किंवा विणकराने घाईत शेजारच्या भोकात ठोकली, की वेलीचा सत्यानाश. म्हणून दर शनिवारी तो म्हातारा, म्हणजे आमचे मास्तर, साखळी बोटांनी चाचपून खुंट्या सांगत आणि मी उतरवून घेई. वेलीचा मूळ कागद वाळवीने केव्हाच फस्त केला होता. आता ती दोनच ठिकाणी होती, माझ्या वहीत आणि मास्तरांच्या बोटांत. त्यातल्या वहीचा भरवसा नव्हता. डुलकी लागली की मी भोकाची खुंटी करून टाकत असे.

मास्तर बोटांनी चाचपत, कारण त्यांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "या दिवाळीच्या आत कापायला या. आणखी थांबलात तर आम्ही काही करू शकणार नाही." पण कापल्यावर महिना-दीड महिना काम बंद, आणि मॅनेजरसाहेब रजेच्या अर्जावर दर वेळी एकच वाक्य बोलत, "मास्तर गेले तर काठ कोण सांभाळणार?" असे तीन अर्ज पडून होते. एकदा मास्तरांनी माझ्याकडे तोंड करून विचारलं, "काहून बे, आज आभाळ आलं काय?" बाहेर लख्ख ऊन होतं. मला इतका संताप आला! मॅनेजरचा, वहीचा, त्या सहाही मागांचा. म्हटलं, माणसाचे डोळे जाऊन राहिले आणि आम्ही खुंट्या मोजून राहिलो!

त्या दिवशी डोक्यात किडा घुसला तो घुसलाच. खुंटी ही शेवटी टोकदार वस्तू. तिच्याखालून जाड कागदाची पट्टी सरकवली तर प्रत्येक खुंटी आपला खळगा स्वतःच उमटवील. मग वही कशाला, मी कशाला, आणि बिचाऱ्या मास्तरांचं बोट तरी कशाला? मी भंगारातून दोन रूळ काढले. साखळी एक पट्टी पुढे गेली की कागदही तेवढाच पुढे जावा म्हणून एक दातेरी चाक जोडलं. मागाचे फेरे मोजणाऱ्या एका मोडक्या यंत्रातलं आणखी एक चाक बसवलं. माग साधारण आठवडाभर चालला की ते फिरून पूर्ण होई आणि कागद आपोआप खुंट्यांखाली ओढला जाई. वेल पुरी उतरली की कळावं म्हणून जठारपेठेतल्या सायकलवाल्याकडून एक जुनी घंटी आणून लावली.

पहिल्या शनिवारी आम्ही सगळे मागाभोवती उभे. कुणी चिडवतंय, "फिटरसाहेब, मंगळसूत्र बी यानंच ओवाल काय?" मी मनातून घामाघूम. तेवढ्यात चाक फिरून खटकन जागेवर बसलं, कागद सरकायला लागला, टप टप टप टप खळगे पडू लागले, आणि शेवटी ट्रिंग! कुणी हात लावला नव्हता! मी चक्क नाचलो हो. मास्तरांनी पट्टी हातात घेतली, बोट फिरवत गेले आणि म्हणाले, "लेका, हे तं हुबेहूब हाये."

त्यानंतर दर आठवड्याला घंटी वाजे. नवी पट्टी जुनीवर ठेवली की खळग्यात खळगा बसायचा. नाही बसला तर तिथली खुंटी मोडली असं समजायचं आणि ती बदलायची. बाकीचे पाच माग पहिल्याशी जुळवून घ्यायचे. तीन महिन्यांत मॅनेजरसाहेबांची खात्री पटली आणि अर्जावर सही झाली. मास्तर बायकोला घेऊन अमरावतीला गेले, आणि मी त्या आनंदात जुन्या सगळ्या वह्या उचलून बॉयलरमध्ये टाकल्या. जा म्हटलं, सुटलो एकदाचा!

इथेच गाढवपणा झाला. पट्टी निघायची, गुंडाळायची, पत्र्याच्या डब्यात ठेवायची, एवढंच मी करत होतो. त्या पट्टीवरून रिकाम्या साखळीत खुंट्या परत बसवता येतात का, हे एकदाही करून पाहिलं नव्हतं.

खंडेनवमी आली. आमच्या घरच्यांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती, त्यामुळे मी दसऱ्यासाठी आदल्याच दिवशी नागपूरची गाडी धरली. इकडे मिलमध्ये यंत्रांची पूजा. दरवर्षी मास्तर साखळीजवळ कुणाला फिरकू देत नसत. "फूल वाहा, पानी नोको," असा त्यांचा दंडक. यंदा मास्तर नाहीत, तर त्यांच्या यंत्राची सेवा आपण चांगली करू, असं विणकरांनी भक्तिभावाने ठरवलं. सहाही साखळ्या उतरवल्या. वर्षानुवर्षांचं तेलकट किटण निघावं म्हणून एकूण एक खुंटी उपटली, सोड्याच्या गरम पाण्यात घासली, उन्हात वाळवली आणि सुपात भरून वर हळदकुंकू वाहिलं. मी परत आलो तेव्हा सहा साखळ्या बोडक्या आणि सहा सुपं गच्च भरलेली. विणकर मोठ्या कौतुकाने म्हणतात, "पाह्य कशा चकचकीत केल्या!"

मी कपाळावर हात मारला, पण मनात उकळ्याही फुटत होत्या. आता दाखवतो म्हटलं माझ्या यंत्राची कमाल! डब्यातून ताजी पट्टी काढली. कागदाच्या मागच्या बाजूला खळग्यांचे उंचवटे ठळक दिसत होते, म्हणून मागूनच वाचत दिवसभर एकट्याने एका मागाच्या खुंट्या बसवल्या. माग सुरू केला. काठावर वेल नाही, पाला चुरगाळून फेकल्यासारखं काहीतरी आलं. पुन्हा सगळं तपासलं. पट्टीप्रमाणे एकही खुंटी चुकली नव्हती.

मॅनेजरसाहेब आले, काठ पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "उद्या मोटार पाठवतो. मास्तरांना घेऊन या. बसल्या जागी सांगतील, मग परत सोडू." मास्तरांचे डोळे कापून पाचवा दिवस होता. या दिवसांत मान हलली तरी डोळा जाईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हा माणूस त्यांना मोटारीत बसवून मूर्तिजापूरच्या रस्त्याने हिसके देत आणणार! मी ताडकन बोललो, "मोटार नको. मी सकाळच्या गाडीने जातो. संध्याकाळपर्यंत काठ नाही लागला तर मला काढून टाका." बोललो आणि मगच कळलं आपण काय बोललो ते.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचलो. मास्तर उताणे झोपलेले, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. बायको उशाशी. मला पाहताच ती फिस्कारली, "मिलीचं नाव जरी काढलं तं याद राखा!" पण मास्तरांनी पाऊल ओळखलं होतं. "कोण, फिटर? काय झालं बे?"

मी खाली बसून सगळं सांगितलं. वह्या जाळल्याचंही सांगितलं. ते हसू दाबत होते, कारण हसायलाही मनाई होती. "आंघोळ घातली म्हन्ते खुंट्यायले! दे इकडं." मी पट्टी त्यांच्या हातात दिली, जशी वाचली होती तशीच, उंचवटे वर करून. मान तसूभरही न हलवता त्यांची बोटं सरकू लागली. दोन ओळी, तीन ओळी. मग थांबली.

"येड्या, वेलीचा देठ डाव्या हाताले असते. तू कागद पालथा वाचला. उलटा कर न् खळगे वाच."

बस्स! एवढंच! मी त्यांच्या पायांना हात लावला, बाईंचे शिव्याशाप पाठीवर घेतले आणि स्टेशनापर्यंत पळत सुटलो.

मी खळगे वाचत गेलो, चार विणकर खुंट्या बसवत गेले, आणि संध्याकाळच्या भोंग्याआधी माग सुरू झाला. पहिलं पान आलं, दुसरं आलं, वेल सरळ चालू लागली. सगळं खातं ओरडलं. मॅनेजरसाहेबांनी काठावर बोट फिरवलं आणि मोटारीचा विषय पुन्हा काढला नाही. मी तिथल्या तिथे पाटी लिहून डब्यावर चिकटवली: दर महिन्याला एका रिकाम्या साखळीत खुंट्या बसवून पाहणे.

पुढे मास्तरांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला, त्या दिवशी मी काठाचा तुकडा घेऊन अमरावतीला गेलो. छाती फुगवून तो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, जवळ आणला, लांब नेला.

"हे तुह्या यंत्रानं उतरवलेल्या पट्टीवरचं?"

"हो! खुंटीला खुंटी!"

"मंग या तिसऱ्या पानाले शेंडा काहून नाई?"

मी भडकलोच. "मास्तर, पट्टीत आहे तेच बसवलंय! दोनदा तपासलंय!" त्यांनी डोळे मिटले आणि त्या पानावरून बोट फिरवलं. पुन्हा डोळे उघडले. "खरं हाये तुहं. हे माह्याच बोटायची चूक हाये. कधी तरी मीच इथली खुंटी चुकवली असन, तुह्या यंत्रानं तेच उतरवलं. किती वर्सं झाली असतीन! लोकायले वाटे नक्षीच तशी हाये, अन् मले तं काही दिसेच ना." मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार.

पण त्यांनी तो तुकडा उंच धरला आणि बायकोला हाक मारली, "अवो, इकडं ये, लवकर ये! मले चूक दिसून राहिली!"