सगुणच्या खिडकीचं कापड

प्रभावतीवहिनीने जनेल, म्हणजे रस्त्याकडची खिडकी, बंद करून आत मटका सुरू केलाय, ही बातमी सुर्ल्यात मीच फिरवली. म्हणजे मी फक्त चहाच्या गाड्यावर "खालच्या काचांना कापड का लावलं असेल बुवा" एवढंच म्हणालो, बाकीचं गावाने केलं. तिसऱ्या दिवशी दोघे आकडा लावायलाच तिच्या दारात गेले. आत तिचा नवरा सगुण खाटेवर पडलेला होता. ते दोघे खाली मान घालून परत आले.

सगुण खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्या वर्षी खाणीच्या उतारावर त्याची गाडी कलंडली आणि कमरेखालचं अंग गेलं. खाट जनेलाशी लावली, कारण घरात उजेड तेवढाच. रस्ता मात्र दरवर्षी माती टाकून टाकून उंच झालेला. ट्रकच्या केबिनमधून थेट खाट दिसायची. जुने सोबती हॉर्न मारून हाका देत. बाबाजी तर रोज ओरडायचा, "सगुणदा, ऊठ मरे, भाडं आलंय!" प्रेमाने ओरडायचा. सगुण भिंतीकडे तोंड करायचा.

एक दिवस तो बायकोला म्हणाला, "माझं तोंड झाक, पण ऊन झाकू नकोस."

आता हे कसं करायचं? आधी पडदा लावला. ट्रक गेला की वाऱ्याने तो आढ्याला लागायचा. मग काचेवर साबण फासला, तर पावसाळ्यातल्या दमट हवेने त्याचे ओघळ खाली आले. मग तिने वर्तमानपत्राला खोबरेल चोपडून ते चिकटवलं. छान दुधाळ उजेड आला. मी म्हटलं, "वहिनी, आता सगुणदा बातम्या उलट्या बाजूने वाचेल." ती हसली. मला वाटतं, ते तिचं शेवटचं हसणं.

कारण तेलाला मुंग्या लागल्या. जनेलावरून त्या खाटेवर उतरल्या आणि रात्रभर सगुणच्या पायांना चावत राहिल्या. त्याला काही कळलंच नाही. सकाळी तिने चादर काढली तेव्हा दोन्ही पोटऱ्या लाल झालेल्या. तो विचारत होता, "काय झालं गं? का रडतेस?"

त्यानंतर तिने स्वतःची जुनी सुती साडी फाडली, लग्नानंतरच्या पहिल्या चवथीची. धुऊन धुऊन विरलेली. तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवली आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं, आपण माडा-पोफळीवर मारतो तेच, म्हणजे मुंगी फिरकणार नाही. आतल्या बाजूने काचेला खळ लावून कापड चिकटवलं, हाताच्या कडेने बुडबुडे काढले, कडा ब्लेडने कापल्या. वाळल्यावर काच किंचित निळसर झाली. उजेड आत, माणूस गुप्त.

सगुण पुन्हा जनेलाकडे वळला. कापडावरून सावल्या जायच्या आणि तो त्यांना नावं द्यायचा. "हा गौरेश, ताडपत्री फाटकी आहे. हा बाबाजी, अजून ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतो." बाबाजी हॉर्न मारायचा. सगुण आतून हात वर करायचा. बाहेर कोणाला ते दिसत नव्हतं, आणि तेच त्याला हवं होतं.

पावसाळ्यात कापड सुटायचं. ती नवी खळ करायची. अशी तीन वर्षं गेली. त्यानंतरच्या चैत्रात सगुण गेला.

बाराव्यानंतर मी गेलो. खाट तिथेच, वर घडी केलेली चादर. बाहेर बाबाजीची गाडी हॉर्न मारून गेली. सवय, दुसरं काय. मी नेहमीचा चावटपणा केला. "वहिनी, आता पाणी मारून ते कापड काढा. वारा येईल, रस्ता दिसेल. आता आत लपवायला कोण आहे? की खरंच मटका सुरू करताय?"

ती रागावली नाही. कापडाची एक कड सुटली होती, ती तिने अंगठ्याने दाबली आणि म्हणाली, "भावजी, त्या ट्रकवाल्यांना माहीत असलेला सगुण गाडी चालवणारा. तेवढाच त्यांच्याकडे राहू दे. रिकामी खाट बघायला मी एकटी पुरे."