चंद्रविलास टॉकीजचं बाहेर जायचं दार

श्रीरामपूरच्या चंद्रविलास टॉकीजचा डोअरकीपर मोझेस अमोलिक याला सत्तरीत एक साधा प्रश्न विचारला गेला, आणि त्यानं त्याचं डोकं पार गरगरून गेलं. टॉकीज पाडून वीस वर्षं झाली होती. जागेवर वेड्या बाभळी माजल्या होत्या. शिल्लक होती ती फक्त पुढच्या दरवाजाची पायरी.

आता जागेची मोजणी निघाली होती, त्यासाठी बाभळी तोडल्या होत्या. बाहेर जायच्या दाराला लागून एक बोळ होता, तो टॉकीजचा. त्यावर चढलेलं बांधकाम पाडायचं ठरलं. पण बोळ कुठल्या अंगाला? नकाशा कुणाला सापडेना. एका अंगाला शेजारच्या रोशनबीचं स्वयंपाकघर होतं, दुसऱ्या अंगाला मोझेसची खोली. तीही त्यानं नंतर दुसऱ्याकडून विकत घेतलेली. जुनी माणसं निम्मी डावीकडे म्हणत, निम्मी उजवीकडे. पिक्चर सोडून दाराकडे बघतो कोण!

"काका, तुम्ही तीस वर्षं तिथं होतात," मोजणीदार गहिनीनाथ म्हणाले. "तुम्ही सांगाल ते लिहितो."

"डाव्या हाताला," मोझेस पटकन म्हणाला. "ह्याच हातानं दारावरचा पडदा सारायचो, साहेब."

तो पायरी चढून सरळ आत चालत गेला, डावीकडे वळला आणि थेट रोशनबीच्या स्वयंपाकघराशी येऊन थांबला. ती भाकरी थापत होती. "मोझेसभाऊ, तुमीच बोलल्यावर आता मी कुनाकडं जाऊ?" एवढं म्हणून ती पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागली.

खोली वाचली होती. मोझेसला हायसं वाटायला हवं होतं, पण पायांना काहीतरी खटकत होतं. हॉलची जमीन पडद्याकडे उतरती, ती अजून तशीच होती. मात्र आत्ता चालताना चवडे उताराकडे होते, आणि त्याच्या पायांना सवय होती टाचांची. टाचा उताराकडे कशा असतील? त्याला काही उमगेना. स्वतःवरच चिडून तो तिथंच घुटमळत राहिला.

आणि मग त्याला आठवलं. खेळ सुरू झाल्यावर आलेलं गिऱ्हाईक अंधारात अडखळू नये म्हणून तो बॅटरीचा उजेड त्याच्या पावलांवर धरायचा आणि त्याच्याकडे तोंड करून स्वतः उलटा चालायचा. रोज, चारही खेळांना.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गहिनीनाथांनी लिहून घेऊन टेप गुंडाळायला घेतली होती. मोझेसला फार भीती वाटली.

तरी तो पायरीवर परत गेला, रस्त्याकडे तोंड केलं आणि उलट्या पावलांनी उतरू लागला. आता टाचा बरोबर पडत होत्या. पुरेसं आत गेल्यावर तोंड रस्त्याकडेच ठेवून तो डावीकडे सरकत गेला आणि त्यानं डावा हात लांबवला. हाताला गिलावा लागला.

खोलीच्या दारात त्याची बायको स्टेला उभी होती. "अवो, ही आपली भिंत हाय."

"व्हय," तो म्हणाला. त्यानं हात काढला नाही. "साहेब, मगाचं खोडा."