बाहीखालची पाकोळी

लाँड्रीवाल्या मावशींचा स्वभाव संशयी. कपडा काउंटरवर पडला की त्या तो उजेडात धरायच्या, कॉलर उलटायच्या आणि गिऱ्हाइकाकडे असं बघायच्या की साधासुधा माणूसही उगाच चाचरायला लागे.

त्यामुळे नवऱ्याच्या बाहीला आतून निळसर काळा डाग आणि शेजारी रक्ताचा ठिपका सापडला, तेव्हा त्या गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"अहो, हे काय?"

"शाई. जुन्या छापखान्यात गेलो होतो, जरा गप्पा मारायला."

छापखान्यातून निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला होता. शिवाय छापखान्याची शाई मावशींनी आयुष्यभर धुतली होती. ती अशी आतून कधी लागली नव्हती. नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग एकेक गोष्ट डोळ्यांत भरू लागली. शनिवारची दुपार आली की हे गायब. भर उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट. अंगाला मलमाचा वास. एका दुपारी नवरा झोपेत कुशीवर वळला, बाही वर सरकली आणि मावशींना दिसला पक्षी. दुभंगलेल्या शेपटीचा, कातडीत कायमचा गोंदलेला.

या घरात पक्ष्याचं नाव काढायची सोय नव्हती. धाकटी लेक मनगटावर इवलासा पक्षी गोंदवून आली, तेव्हा मावशींनीच आकाशपाताळ एक केलं होतं. "अंगाची भिंत करून घेणाऱ्यांना माझ्या घरात जागा नाही," म्हणाल्या होत्या. पोरगी बॅग उचलून मैत्रिणीच्या खोलीवर गेली, ती गेलीच. तेव्हा नवऱ्यानं चकार शब्द काढला नव्हता. आणि आता स्वतःच?

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातल्या इस्त्रीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे पक्षी कशाला काढतात रे अंगावर?"

"कसला पक्षी, मावशी? दुभंगलेली शेपटी? मग पाकोळी. पूर्वी खलाशी काढायचे म्हणे, सुखरूप घरी परतावं म्हणून. आणि जोडीनं काढली तर प्रेमाची खूण. एक ह्याच्या हातावर, एक तिच्या."

"तिच्या म्हणजे कुणाच्या?"

"मला काय ठाऊक! हल्ली सगळेच काढतात हो. बँकेतल्या मॅनेजरबाईंच्या मानेवर आहे की."

मॅनेजरबाई खड्ड्यात जावोत. मावशींच्या डोक्यात ती 'ती' घुसली होती.

शनिवारी दुकान इस्त्रीवाल्यावर सोपवून त्या नवऱ्याच्या मागं निघाल्या. तो बाजार ओलांडून चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढला. मावशी धापा टाकत मागोमाग. वर काचेचं दार. आत नवरा खुर्चीत रेलून बसलेला, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, आणि काळे हातमोजे घातलेली, आखूड केसांची एक बाई त्याच्या हातावर वाकलेली.

मावशींनी दार ढकललं. "कोण गं तू?"

बाईनं मान वर केली, तोंडावरचा मास्क खाली ओढला. धाकटीच होती.

गोंदायच्या मशीनची घरघर थांबली.

"हिला हे काम शिकायचं होतं," नवरा म्हणाला. "नवशिक्याला हात द्यायला कोण तयार होतंय? म्हटलं, माझा घे."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं, तर तू मलाही बॅग भरायला लावली असतीस."

मावशींनी चष्मा लावून तो हात निरखला. पहिल्या पाकोळीचा एक पंख दुसऱ्याहून मोठा; ती भिजल्या कोंबडीसारखी दिसत होती. दुसरी अर्धीच झाली होती, पण आत्ता उडेल अशी.

"पहिली बघून लाज वाटते मला," धाकटी पुटपुटली. "बाबा तिच्यावर दुसरं चित्र काढून झाकू देत नाहीत."

"सुई नवी आहे का?"

"हो, आई."

"पाकीट दाखव."

धाकटीनं पाकीट दाखवलं. मावशींनी त्यावरचं अक्षरन्‌अक्षर वाचलं, स्टूल ओढलं आणि बसल्या. "कर पुढं. मी बघतेय."

धाकटी काही घरी राहायला परतली नाही. पण रविवारी जेवायला येऊ लागली. मावशींचं मत तसूभर बदललं नाही. "मला नाही पटत," हे त्या अजूनही सांगतात. पोरगी बाह्या सरसावून भांडी घासायला उभी राहिली, की मावशींची नजर तिच्या अंगभर फिरते, नवीन काही उगवलंय का बघायला.

परवा घोट्यावर एक दिसलीच. मावशींनी चष्मा लावला.

"शेपटी बरी जमलीय. कुणी काढली?"

"मीच."

"स्वतःची स्वतः? खरं सांग."

आणि खात्री करायला त्या खाली वाकल्या.