विहिरीच्या काठावरची खुंटी

रेहानाचा फोन आला तेव्हा मी बीडच्या बसस्टँडवर गेवराईच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. "सदाकाका, अब्बा गेले," एवढंच ती बोलली... मी निघालो होतो तो तिच्या अब्बाकडेच. एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती, आणि या खेपेला ती सांगायचीच असं ठरवून घर सोडलं होतं. आठ दिवसांपूर्वी त्याच्या खाटेशी बसून मी विषय काढलाही होता. "शब्बीर, त्या विहिरीचं..." म्हणालो, तर त्यानं मधेच विचारलं, "तुझी शेळी कशी हाय बे?" शेळी विकून वर्षं लोटली होती. औषधांच्या गुंगीत बोलतोय असं समजून मी हसलो आणि ते सांगणं पुन्हा राहून गेलं.

शब्बीर म्हणजे तलवाड्याच्या बाजूला असलेल्या आमच्या गावच्या हायस्कुलातला विज्ञानाचा मास्तर. गावाचा तो 'सर', माझा एका बाकावरचा दोस्त. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे आमच्याकडेही भांडी वाजली, आणि तेव्हापासून या माणसाला भूकंपाचं वेड लागलं ते लागलंच. मिळेल तिथून वाचायचा, आणि वाचलेलं वर्गात करून दाखवायचा. विटेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधायची, पट्टीला ताणकाटा, आणि फरशीवरून हळूहळू ओढायचं. पट्टी ताणत जाते, वीट हलत नाही, आणि मग एकदम उडी मारते. हा भूकंप. मग तो विटेखाली काळ्या मातीचा चिखल पसरायचा. आता वीट मुकाट्यानं सरकत राहायची, ना धक्का ना आवाज. हाही भूकंपच, पण संथ. जमिनीच्या पोटात दोन खडक एकमेकांवरून असेच सरकतात, एका धक्क्यात जेवढं सरकले असते तेवढं सरकायला आठवडे घेतात, आणि वर कोणाला पत्ता लागत नाही, असं तो सांगायचा. पोरं म्हणायची, मग बरंच की, ताण निघून गेला. त्यावर तो बोट हलवायचा, "सरकलं म्हणजे सुटलं असं न्हाई. इथला ताण शेजारच्या अंगावर जाऊन बसतो." त्याच्या वहीचा एक नियम होता. लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर बाजूला लिहायचं.

मी तेव्हा गावातच होतो, आमच्या पाणी सहकारी सोसायटीचा सचिव. टँकरच्या त्या उन्हाळ्यात सोसायटीची विहीर आम्ही आणखी खोल नेली होती. टँकर तिच्यात रिकामा व्हायचा आणि सगळं गाव काठावर वाकून पाणी शेंदायचं. एक दिवस काठापासून चार पावलांवर, काठाला समांतर, जमिनीत एक भेग दिसली. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतातच, कोणी लक्ष दिलं नाही. शब्बीरनं दिलं. भेगेच्या अल्याड एक, पल्याड एक अशा दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि रोज सकाळी टेपनं दोन्हींमधलं अंतर मोजायला लागला. रोज केसभर वाढत होतं. "हा भूकंप न्हाई," तो म्हणाला, "पण चाल तीच हाय." खुंट्यांना कोणी हात लावायचा नाही, असं सचिव म्हणून मीच गावाला बजावलं होतं.

आणि मीच हात लावला. रांगेत भांडण लागलं, माझ्या हातात शेळीचं दावं होतं, ते मी जवळच्या खुंटीला अडकवलं आणि भांडण सोडवायला धावलो. परत आलो तर शेळीनं खुंटी उपटलेली. कोणी पाहिलं नव्हतं. अंदाजानं जागा धरून मी ती दगडानं ठोकली आणि घरी गेलो. लाज वाटली, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी शब्बीरनं अंतर मोजलं, उकिडवा बसला, पुन्हा मोजलं. मग सायकल वाटेत आडवी लावून म्हणाला, आजपासून विहिरीवर कोणी यायचं नाही. टँकर शाळेच्या टाकीत रिता करायला लावला. ती टाकी गळकी, निम्मं पाणी मातीत जाई. लोक चिडले. शेजारची कौसाबाई त्याच्यासमोर रिकामी घागर आदळून म्हणाली, "कावून बंद केली सर? लेकरांला काय पाजू?" त्यानं मान खाली घातली, पण सायकल हलवली नाही.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आकडा खोटा आहे हे गावात एकट्या मलाच माहीत होतं. मी बोललो तर विहीर उघडेल, नाही बोललो तर हे असं तहानेलं गाव... तिसऱ्या संध्याकाळी मी बायकोला सांगून टाकलं, उद्या सगळं कबूल करतो.

सकाळी कबूल करायलाच निघालो होतो. विहिरीपाशी पोचलो आणि माझ्या देखत काठ बसला. पडला नाही; थकलेला बैल बसतो तसा बसला, काठावरच्या बाभळीसकट, दोन्ही खुंट्यांमधली भेग फाकवत. आवाज आला तो नंतर, खाली पाण्यातून. जिथे रोज बायका-पोरं वाकलेली असत ती अख्खी जागा गेली होती. शब्बीर सायकल धरून उभा होता.

सोसायटीच्या सभेत त्याला शाल-नारळ दिला. हार मीच घातला. बोला म्हटल्यावर तो एकच वाक्य बोलला, "मला काई कळलं नव्हतं." लोकांनी विनय समजून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या खोट्या आकड्यावरून त्यानं खरं ताडलं, असं मी इतकी वर्षं समजत आलो, आणि दर भेटीला गप्प राहिलो.

शब्बीर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी रेहानानं माझ्या हातात एक पिशवी दिली. अब्बांनी तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं, म्हणाली. आत ती वीट, ताणकाटा आणि त्या उन्हाळ्याची वही. त्या दिवसाचं पान मी उभ्यानंच उघडलं. "पूर्वेची खुंटी कोणीतरी उपटून परत ठोकली आहे. शेजारी शेळीच्या लेंड्या. आजचं माप बाद. किती सरकलं ते आता सांगता येत नाही. सांगता येत नाही तोवर विहीर बंद."

गावात लोकांच्या शेळ्या पुष्कळ होत्या. पण खाटेवरून त्यानं चौकशी केली ती माझ्याच शेळीची...

वीट आता माझ्या टेबलावर आहे, तिच्या एका अंगाला वाळलेली काळी माती अजून चिकटलेली. वही तिच्याशेजारी. काल पेन घेऊन बसलो. 'कोणीतरी' हा शब्द खोडावासा वाटला, पण त्याच्या वहीत खोडायचं नसतं. मी बाजूला लिहिलं, "शेळी माझी होती. सदा."